धावताना पाणी प्यायचं नाही

माझा थोरला भाऊ नोकरीला काय करतो, हे मायला मरेपर्यंत धड सांगता आलं नाही. कॉलेजात मास्तर म्हणावं तर हातात पुस्तक नाही, शिपाई म्हणावं तर खुद्द प्राचार्य त्याला 'सर' म्हणून हाक मारत. गावाकडची एखादी बाई घरी आली आणि तिनं विचारलं, "थोरला काय करते वो बाई?" की माय जरा विचार करून म्हणायची, "पोट्ट्याइले धावाले लावते." बाईचे डोळे मोठे व्हायचे. "बाप्पा! अन् त्याचा पगार भेटते?" "भेटते नं. दर महिन्याले भेटते," असं माय म्हणायची, आणि तिच्या आवाजात अभिमान आणि लाज दोन्ही असत. तिच्या मते माणसानं धावायचं ते बैल सुटल्यावर, नाहीतर पाटलाकडून बोलावणं आल्यावर. बिनकामाचं धावायचं आणि वर त्याचं बक्षीस घ्यायचं, हे तिला अखेरपर्यंत पटलं नाही.

आम्ही मूळचे जऊळक्याजवळच्या एका वस्तीतले. बाबा गावातल्या इतरांबरोबर दीक्षा घेऊन आले तेव्हा मी अगदीच लहान होतो. पण दादाला सगळं आठवायचं, घरातले देव नदीत सोडले तो दिवस, आणि त्यानंतर बाबांनी मेलेलं ढोर ओढायला दिलेला नकार. बाबा गेल्यावर घर दादावर आलं. वाशीमच्या कॉलेजात त्याला नोकरी लागली तशी त्यानं माय, वहिनी, तान्ही पोर आणि मी अशी सगळी वरात उचलून शहरात आणली. शहर म्हणजे काय, तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. जिनिंगच्या मागं टिनाच्या दोन खोल्या. सकाळी पहिला आवाज वहिनीच्या भाकरी थापण्याचा, दुसरा जिनिंगच्या भोंग्याचा, आणि मग लांबून छोट्या लाइनीवरच्या गाडीची शिट्टी. खायला भाकरी, आंबाडीची भाजी, नाहीतर चून म्हणजे पिठलं, आणि जवसाची चटणी. पण घरातलं सगळ्यात मोठं पातेलं भरायचं ते हरभऱ्यांनी. रोज रात्री दादा स्वतःच्या हातानं ते भिजत घालायचा आणि सकाळी फडक्यात बांधून मैदानावर न्यायचा, त्याच्या धावणाऱ्या पोरांसाठी. वहिनी चिडायची. "घरच्या लेकराहून मैदानावरच्या लेकराइचीच फिकीर जास्त हाय तुमाले." दादा शांतपणे म्हणायचा, "त्याइच्या घरी कोन भिजवून देईन वो?" मग ती फडक्यात गुळाचा एक खडा टाकायची, आणि टाकल्याचं कबूल करायची नाही.

दादा स्वतः शाळेत असताना अनवाणी धावून बक्षिसं आणायचा. पुढं अमरावतीला राहून त्यानं शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला. तो नोकरीवर आला तेव्हा कॉलेजचं मैदान म्हणजे गाईम्हशींचं चरायचं रान होतं. पोरांना घेऊन त्यानं बाभळीचे काटे वेचले, दोरी लावून चारशे मीटरचा गोल आखला, चुन्याची रेघ मारली. कॉलेजचं एकच स्टॉपवॉच होतं, ते तो रुमालात गुंडाळून ठेवी आणि कोणाला हात लावू देत नसे. पण खरं तर त्याला घड्याळ लागतच नसे. डोळे मिटून उभा राहायचा आणि पावलं ऐकायचा. "जो जमिनीले मारते तो थकते, जो जमिनीले टेकते तो टिकते," हे त्याचं आवडतं वाक्य. घरी तो माझा दादा, मैदानावर सर. एकदा चुकून मी मैदानावर 'दादा' म्हणालो तर चार चक्कर जास्तीचे मारायला लावले, आणि संध्याकाळी घरी माझ्या पायाला स्वतः तेल चोळून दिलं. असला माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

त्याच्या मैदानावर एक नियम होता, आणि हे प्रकरण मी त्या नियमासाठीच लिहायला घेतलंय. धावताना पाणी प्यायचं नाही. क्रॉस कंट्रीची आमची वाट मैदानातून निघून वावरांतून दोन गावं ओलांडायची आणि रेल्वेच्या रुळाकडेनं परत यायची. साडेसात मैल. या साडेसात मैलांत ओठाला पाणी लावायचं नाही, कोणाच्या दारात थांबायचं नाही, कोणी दिलं तरी घ्यायचं नाही. "पोटात गोळा येते. हे शास्त्र हाय," असं दादा सांगायचा. त्या काळात बरेच कोच असंच सांगत, त्यामुळं कोणाला वावगं वाटलं नाही.

पण ते शास्त्र कुठून आलं ते मला ठाऊक होतं. दादाच्या पहिल्या वर्षी टीममध्ये आमच्यासारख्याच एका वस्तीतला सुखदेव नावाचा पोरगा होता. सरावात वाटेतल्या पहिल्या गावात तिघं पोरं एका घरापुढं पाण्याला थांबली. (त्या गावाचं नाव लिहीत नाही. आज तिथं माझे चांगले स्नेही आहेत, आणि त्यांच्या घरी मी जेवलोही आहे.) बाईनं पहिल्या दोघांच्या हातात गडवा दिला. सुखदेवची पाळी आली तशी तिनं विचारलं, "तू कोन्या घरचा रे?" त्यानं खरं सांगितलं. तिनं गडवा मागं घेतला आणि म्हणाली, "वंजळ कर." ती वरून पाणी ओतायला तयार होती, चांगल्या मनानंच, पण सुखदेवनं ओंजळ केली नाही. तसाच धावत आला, सगळ्यांत शेवटी, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आलाच नाही. दादा त्याच्या घरी दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा जायचं सोडून त्यानं नियम केला. मी एकदा त्याला घरी विचारलं होतं, "दादा, खरंच गोळा येते काय?" तो भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "ज्याले भेटते त्यानंही प्यायचं नाही. मंग कोनी कोनाकडे पाहत नाही." त्याचं सगळं शास्त्र एवढंच होतं.

मटका ठेवायचा होता, असं तुम्ही म्हणाल. मी स्वतः आयुष्यभर म्हणत आलोय. दादानं सुरुवातीला त्याचाही विचार केला होता. पण मटक्याशी माणूस कोण बसवायचा, आणि त्याच्या हातचं कोण पिणार, कोण नाही पिणार, पुन्हा तेच. म्हणून नियमच बरा. आणि गंमत अशी की नियम लागू झाल्यावर दोन वर्षांत आमची टीम विद्यापीठात गाजायला लागली. नागपूरला मोठ्या कॉलेजांची बूट घातलेली पोरं वाटेत पाण्याला थांबायची, आणि आमची अनवाणी पोरं त्यांच्या शेजारून निघून जायची. लोक दादाला विचारायचे, "सर, तुमचं गुपित काय?" तो सांगायचा, "पाणी नाही." सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. माझ्या भावाची चूक कुठं झाली असं कोणी विचारलं तर मी इथं बोट ठेवीन.

किसन त्याला सापडला तो पोहरादेवीच्या यात्रेत. गर्दीनं एसटी अडकली, माणसं उतरून चालायला लागली, आणि दादाच्या शेजारून डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेला एक पोरगा धावत गेला. दादा म्हणायचा, भारा हललासुद्धा नाही. हातातली पिशवी टाकून तो त्याच्यामागं पळाला. पोरगा इंझोरीचा, कुणब्याचा, मॅट्रिक होऊन घरी बसलेला. दादानं त्याच्या बापाला गाठलं, फॉर्म भरून घेतला, आणि जूनमध्ये किसन एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या कॉलेजात दाखल झाला. बोलणं कमी, हसणं जास्त. आमच्या घरी यायचा, वहिनीच्या हातचं चून-भाकर खायचा, आणि पहिल्या दिवशी माय जरा बिचकली तर म्हणाला, "मावशी, वाढा नं. भूक लागली." त्या दिवसापासून माय त्याची झाली. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा. थोडा कायले, चांगलाच वाटायचा. दादा डोळे मिटून किसनची पावलं ऐकायचा तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान असायचं, ते माझ्या पावलांनी कधी आलं नाही.

त्या वर्षी नागपूरच्या स्पर्धेसाठी सहा जण निवडायचे होते. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, आणि सरावात माझा नंबर सातवा, कधी आठवा. सख्खा भाऊ असला तरी दादा मला फुकट घेणार नाही, हे पक्कं होतं. आणि मला तर त्या टीममध्ये जायचंच होतं. दुसरं काही सुचत नव्हतं. निवडीची शर्यत ऑक्टोबरात ठेवली, सकाळी सातला. पण झेंडा दाखवायला एक पुढारी यायचे होते. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. आम्ही चड्डी-बनियनवर उभे. दादा दोनदा प्राचार्यांकडं गेला, "सर, ऊन वाढून राह्यलं, सोडू द्या पोट्ट्याइले." प्राचार्य म्हणाले, आता येतीलच. पुढारी आले साडेदहाला, बोलले अर्धा तास, आणि बोलले काय तर वेळेच्या महत्त्वावर! अकरानंतर आम्ही सुटलो. पाऊस उलटलेला, आभाळात एक ढग नाही. वऱ्हाडातलं ऑक्टोबरचं ऊन ज्यानं सोसलंय त्यालाच ते कळेल.

किसन पहिल्यापासून पुढं होता. दिसेनासा झाला. दुसरं गाव मागं पडल्यावर तुरीच्या वावराजवळ मला तो अचानक दिसला, आणि मी त्याच्या जवळ जवळ जाऊ लागलो. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण नाही लिहिलं तर मग एवढं सगळं लिहून काय उपयोग? मला वाटलं, आज माझे पाय चालताहेत. पाय माझे चालत नव्हते, त्याचे अडखळत होते. मी शेजारी आलो. त्याचं अंग कोरडं होतं. आम्ही घामानं निथळत होतो आणि याच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. बांधावर निंदणाऱ्या बाया सावलीला बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी मडकं घेऊन उठली, "अरे बापू, थांब नं! घोटभर पाणी पे अन् मंग जाय. तोंड पाह्य तुयं कसं झालं!" किसन थांबला. त्यानं मडक्याकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. सरांचा भाऊ ना मी. "पेऊ काय रे?" त्यानं विचारलं. अगदी हळू.

मला नियमाचं कारण ठाऊक होतं. तो कुणब्याचा, देणारी म्हातारी गावातली, तिथं कोणी कोणाला काही विचारणार नव्हतं. 'पे' म्हणायला मला काय लागत होतं? पण मागून दोन पोरं येत होती, आणि माझ्या डोक्यात फक्त माझा नंबर होता. त्याला सोडून पुढं गेलो असतो तरी चाललं असतं, पण मी वर शहाणपणा केला. म्हणालो, "सर टीममधून काढतीन. चाल, दोनच मैल राह्यले." तो म्हातारीला म्हणाला, "नको माय. सर नाही म्हनतेत." आणि पुन्हा धावायला लागला. थोडा वेळ माझ्या मागं त्याची पावलं ऐकू येत होती. मी वळून पाहिलं नाही.

मी सहावा आलो. दादानं माझं नाव लिहिलं आणि माझ्या मागं वाटेकडं पाहत राहिला. "किसन कुठं?" मी म्हणालो, "येऊन राह्यला." अर्ध्या तासानं एक बैलगाडी आली. रुळाच्या कडेला पडला होता, वावरातल्या माणसांनी उचलून आणला. दादानं त्याला मांडीवर घेतलं, अंगावर बादलीनं पाणी ओतलं, त्याच्या ओठांत पाणी घालायचा प्रयत्न केला. पाणी गालावरून खाली येत होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी करता आलं ते सगळं केलं. दिवस मावळायच्या आत किसन गेला. दादा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला आणि मायनं येऊन त्याचा हात धरला तेव्हा लहान पोरासारखा म्हणाला, "माय, म्या मारला वो त्याले."

कॉलेजात चौकशी झाली. आदल्या संध्याकाळी मी दादाला म्हणालो, "खरं सांग त्याइले. सुखदेवचं सांग. नियम काहून केला ते सांग. पुढारी उशिरा आला ते सांग." दादा म्हणाला, "काय सांगू? का किसनले तं कोन्याही दारात गडवा भेटला असता? का तो आपल्या पोट्ट्याइपायी तहानलेला राह्यला, अन् त्याले ते माहीत बी नव्हतं? हे त्याच्या बापाले आयकवू?" दुसऱ्या दिवशी त्यानं प्राचार्यांपुढं चारच शब्द सांगितले. नियम माझा, चूक माझी. मी तेव्हासुद्धा बांधावरची गोष्ट बोललो नाही. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि मग इतकी वर्षं उलटली की सांगायचं तोंडच राहिलं नाही. नागपूरला मी गेलो नाही, एवढंच.

दादाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. त्याची नोकरी गेली नाही. त्याला मैदानावरून काढून परीक्षा विभागात बसवलं. वीस-बावीस वर्षं त्यानं पोरांच्या फॉर्मवर शिक्के मारले. मैदानाकडची खिडकी त्याच्या टेबलामागं होती आणि खुर्ची फिरवून त्यानं कधी बाहेर पाहिलं नाही, असं त्याच्या शेजारी बसणारे कारकून मला सांगत. नवे कोच आले, कोणी दोन वर्षं राहिलं, कोणी चार. आमच्या कॉलेजची टीम पुन्हा नागपूरला कधी पहिली आली नाही. त्याची जुनी पोरं मास्तर झाली, पोलिसात गेली. घरी यायची, पाया पडायची, आणि तो त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोलायचा. धावण्याचा शब्द काढला की उठून आत जायचा. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटचे आठ दिवस मी त्याच्या उशाशी होतो, आम्ही दोघंच, आणि मी रोज ठरवायचो, आज सांगू. नाही सांगितलं.

आणि ज्यांना सांगायला हवं होतं, ते तर स्वतः चालून आले होते. किसनची तेरवी झाल्यावर चार-पाच दिवसांनी त्याचे वडील वाशीमला त्याची पेटी न्यायला आले, आणि पेटी घेऊन आमचं घर विचारत दारात उभे राहिले. धोतर, मळकी टोपी, हातात ती पत्र्याची पेटी. मायला वाटलं, आता हा माणूस दादाची कॉलर धरणार. दादा उठला आणि मान खाली घालून त्यांच्यापुढं उभा राहिला. बहुतेक त्यालाही तेच हवं होतं. पण ते बाजेवर टेकले, पेटी पायाशी ठेवली, आणि म्हणाले, "गुरुजी, एकच इचारतो. त्याची माय रोज इचारते मले. घरी जाऊन तिले काही तरी सांगा लागन." दादा म्हणाला, "इचारा दादाजी." ते म्हणाले, "त्यानं पानी मांगतलं होतं काय?"

दादा त्या वेळी मैदानावर होता, त्याला काय माहीत? त्यानं माझ्याकडं बोट केलं. "हा होता त्याच्या संगं." म्हाताऱ्यानं मान वळवली. डोळे किसनचेच होते. माय माझ्याकडं पाहत होती, वहिनी चुलीपासून उठून दारात आली होती. खरं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "नाही काका. नाही मांगतलं."

त्यांच्या छातीतून मोठा सुस्कारा निघाला. खांदे सैल पडले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच जरासं हसल्यासारखं केलं. "मंग त्याले तहान लागलीच नसन," ते मायला म्हणाले. "लागली असती तं बोलला असता. लहान होता तवा पान्यासाठी लय रडे."